किल्ल्यांचा खर्च का चढला

किल्ल्यांवरचा खर्च का वाढत चालला आहे, हे मला दसऱ्यापूर्वी सांगायचं होतं. दसरा तोंडावर आला तरी मला ते कळलं नव्हतं.

मी पुण्यात सरकारी दप्तरात कारकून होतो. राज्याचे सगळे कागद रुमालांत बांधून ठेवतात ती ही कचेरी. भिकाजीपंत आमचे वरिष्ठ. राज्य वाढलं तसा खर्चही वाढला, पण तो नेमका कुठे आणि का वाढला, असं श्रीमंत पेशव्यांनी त्यांना विचारलं होतं. त्यांनी तो प्रश्न माझ्याकडे सरकवला. दर सालच्या जमाखर्चाचा एक गोषवारा असतो, त्याला ताळेबंद म्हणतात. आजोबांच्या काळापासूनचे ताळेबंद काढून मी एकाखाली एक मांडत बसलो. फौजेचं सदर वेगळं, किल्ल्यांचं वेगळं, देवस्थानांचं वेगळं. कात्रजहून शहरात पाणी आणणारा नळ कुठल्या सदरात घालायचा, यावर शेजारच्या कारकुनाशी माझं चांगलंच वाजलं. शेवटी नळ देवस्थानांत गेला. का, ते आजही सांगता येणार नाही.

मांडून झाल्यावर माझाच गोंधळ उडाला. फौजेचा खर्च सालोसाल उतरत होता आणि किल्ल्यांचा चढत होता. वास्तविक दसऱ्याला गावाबाहेर पडणारा फौजेचा तळ दरवेळी आधीपेक्षा मोठा असे. घोडी वाढली होती, तंबू वाढले होते. किल्ल्यांच्या तटांत मात्र पिंपळ रुजले होते. डोळ्यांना एक दिसत होतं आणि कागद दुसरंच सांगत होते.

बेरजा पुन्हा केल्या. त्या बरोबर होत्या, त्यामुळे जास्तच काळजी वाटली. खजिन्यावरच्या मंडळींना विचारलं तर ते म्हणाले, महागाई. पण महागाई फक्त डोंगरावरच चढते का, हे त्यांना सांगता येईना. दुसऱ्या एकाने किल्लेदार पैसे खातात असं ठामपणे सांगितलं. हे उत्तर भिकाजीपंतांना आवडलं. त्यांनी लगेच मसुदा केला: किल्ल्यांवरची शिबंदी, म्हणजे पहाऱ्याची माणसं, निम्मी करावी. सुरुवात कात्रजच्या घाटापलीकडच्या एका किल्ल्यापासून.

ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या डोंगरावरच राहणारी. त्यांना खाली ना घर, ना शेत. बातमी तिकडे पोचायला वेळ लागला नाही. तिथला हवालदार सुभानजी एक दिवस सदाशिव पेठेत माझ्या घरी आला आणि ओसरीवर बसून राहिला. तो भांडायला आला असेल असं मला वाटलं होतं. तो आला होता विचारायला.

"पंत, आमच्यावरचा खर्च वाढलाय म्हंत्यात. मग तो जातोय कुठं? आमच्याकडं तर आला न्हाई."

मी म्हणालो, मीही तेच शोधतोय.

मग तो बोलत राहिला. त्याच्या बापाच्या वेळी पायथ्याच्या गावांचं धान्य थेट किल्ल्याच्या कोठारात यायचं. आता रोख पगार मिळतो, तोही उशिरा, आणि धान्य बाजारातून विकत घ्यावं लागतं. ती गावं कुठे गेली, असं मी सहज विचारलं. ती एका सरदाराला दिली, घोडेस्वार बाळगायला, असं तो म्हणाला.

तो गेल्यावर ओसरीवरच मी हिशेब जुळवला. गावांचं धान्य कोठारात जायचं तेव्हा ते किल्ल्याच्या खर्चात कधी लिहिलंच जात नव्हतं. गावं सरदाराकडे गेली, तसा किल्ल्याला रोख पगार सुरू झाला आणि ते सदर चढलं. सरदार आपले स्वार त्या गावांच्या वसुलावर पोसू लागला, म्हणून फौजेचं सदर उतरलं. किल्ला महाग झाला नव्हता आणि फौज स्वस्त झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी हे भिकाजीपंतांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे एकूण खर्च वाढला की कमी झाला?"

"सांगता येत नाही. सरदारांकडे किती जातं, ते आपल्या कागदांत येतच नाही."

"तीन पिढ्यांचे ताळेबंद चाळलेत, केसोपंत. आणि उत्तर काय, तर सांगता येत नाही?"

"होय."

"श्रीमंतांना हे आपण सांगता का?"

मी ताळेबंद रुमालात बांधू लागलो. मग त्यांनी शिबंदीचा मसुदा उचलून गादीखाली सारला.

वर काय सांगितलं गेलं, मला कधीच कळलं नाही. शिबंदी मात्र कमी झाली नाही. सुभानजीची माणसं डोंगरावर राहिली. दिवाळीनंतर माझ्या नावाचा हुकूम आला. किल्ल्यांच्या खर्चाची मला उत्तम समज असल्यामुळे माझी नेमणूक त्याच किल्ल्यावर केली होती. बायकोने विचारलं, ही बढती म्हणायची की शिक्षा? मलाही ते ठरवता येईना. पगार तोच होता आणि चढ फार होता.

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एवढंच शिकलो. एखाद्या सदरात खर्च उतरलेला दिसला, तर पेढे वाटण्याआधी तो शेजारच्या कुठल्या सदरात जाऊन बसलाय ते बघावं. आणि सापडलाच, तर वरिष्ठांना सांगण्याआधी घरी विचारावं.

त्या साली किल्ल्याच्या खर्चात खरीखुरी भर पडली ती एकच, माझ्या पगाराची.