काकांनी हात कशापायी धुतले

वर्ध्याच्या त्या प्रयोगशाळेत मी रुजू झालो तेव्हा माझं वय पंचवीस होतं आणि राग कायम नाकावर. सत्तरचं दशक संपत आलं होतं. जिल्ह्यात कपाशीवर फवारायची औषधं दुकानादुकानांतून विकली जायची. डब्यावर लिहिलंय तेवढं औषध आत खरंच आहे की नुसतं तेलच जास्त आहे, हे तपासायचं काम आमच्याकडे होतं. दोन खोल्या आणि एक व्हरांडा. मोठे साहेब नागपूरला बसत आणि महिन्यातून एकदा येऊन सह्या करून जात. बाकीचे दिवस आम्ही दोघंच असायचो. मी केमिस्ट आणि काका शिपाई.

काका हिंगणीकडचे, कुणबी घरातले. घरची शेती भाऊ पाहायचा आणि काका रोज एस.टी.नं वर्ध्याला यायचे. पन्नाशी उलटलेली, डोक्यावर पांढरी टोपी, बोलणं बेताचं. काचेचं सामान त्यांच्या हातून कधी फुटलं नाही. माझ्या हातून आठवड्याला एक ठरलेलं. मी नाचणगावचा. छप्पन साली वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा मी रांगत-चालत होतो, आणि आमच्या वस्तीत एम.एस्सी. झालेला मी पहिलाच. हे सगळं काकांना मी रुजू होण्याआधीच माहीत होतं. आमच्याकडे माणसाच्या आधी त्याची अशी माहिती येऊन बसलेली असते.

कपाटात एक तपकिरी बाटली होती, करंगळीएवढ्या उंचीची. तिच्यात शुद्ध मिथाइल पॅराथिऑन. दुकानातल्या डब्यात हेच औषध पातळ केलेलं असतं. आमच्याकडचं मात्र निखळ, कारण नमुना ताडून पाहायला शुद्ध मालच लागतो. हिवाळ्यात ते खडीसाखरेसारखं घट्ट व्हायचं आणि मे महिन्यात वर्ध्याच्या उन्हानं आपोआप वितळायचं. वास थोडा लसणासारखा. ते पोटात जायलाच पाहिजे असंही नाही. कातडीवर लागलं तरी आत शिरतं. आग होत नाही, दुखत नाही, लागलेलं कळतही नाही. मग घाम सुटतो, तोंडात लाळ दाटते, छाती आवळते, डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. त्याहून जास्त झालं तर माणूस हातचा जातो.

कॉलेजात आम्ही सगळे पिपेट, म्हणजे द्रव मोजून घ्यायची काचेची नळी, तोंडानं ओढायचो, अगदी ऐटीत. इथे मी पहिल्याच दिवशी ते बंद केलं आणि रबरी फुगा मागवला. मग एका पुठ्ठ्यावर ठळक मराठीत नियम लिहून भिंतीवर टांगले. बाटली उघडताना हातमोजे घालायचे आणि खिडक्या सताड उघड्या ठेवायच्या. चहा, पाणी, तंबाखू, डबा, सगळं खोलीबाहेर. अंगाला लागलं तर रॉकेलनं पुसायचं नाही, चोळायचं नाही, साबण आणि भरपूर गार पाणी घ्यायचं. वापरलेली भांडी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवायची. आणि सगळ्यात खाली, जरा मोठ्या अक्षरात: साहेबांच्या हातून काहीही घेतलं की लगेच हात धुवायचे.

यातला साहेब म्हणजे मीच, आणि नियमही माझ्याच हातचा. स्वतःच्या पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा, हे माझ्याकडून शिकावं.

कारण काका हात धुवायला लागले. मी परीक्षानळी दिली, धुतले. चंचुपात्र दिलं, धुतले. त्यात काही वावगं नव्हतं, पण ते इतके मन लावून, इतके मनगटापर्यंत चोळून धुवायचे की माझ्या डोक्यात किडा वळवळू लागला. हे औषधासाठी धुतात, की माझ्यासाठी? लहानपणापासून असे हात धुणारे मी पुष्कळ पाहिले होते. इथे मात्र धुवा म्हणून मीच भिंतीवर लिहून ठेवलेलं.

मी परीक्षा घ्यायला सुरुवात केली. एके दिवशी बाहेरून आलो तो थेट टपालाचं पाकीट त्यांच्या हाती दिलं. औषधाचा संबंधच नव्हता. त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं आणि नळाकडे गेले. मी मनात म्हटलं, सापडले. पण संध्याकाळी सायकलवर घरी जाताना वाटलं, सकाळी मी ते टेबल पुसलं होतं का? पाकीट टेबलावर ठेवल्यावर हात टेबलाला लागला असेल. मुलगी झाली तेव्हा पेढे नेले. काकांनी पेढा कागदात बांधून खिशात ठेवला. म्हणाले, "घरी खाईन साहेब. इथं खाचं नाई, लिवलं हाये ना." माझाच पुठ्ठा मला दाखवत होते. तो पेढा हिंगणीपर्यंत पोचला की वाटेत एखाद्या पोराला मिळाला, या विचारात मी आठवडाभर घरी बायकोचं डोकं खाल्लं. शेवटी ती म्हणाली, "इचारून टाका ना त्यायले एकदाचं." विचारायची छाती होत नव्हती. उत्तर नको ते आलं असतं तर रोज त्याच खोलीत बसायचं होतं.

तरीही नोकरीतली सुखाची वर्षं म्हटली की मला तीच आठवतात. काम चोख व्हायचं. हरभऱ्याच्या दिवसांत काका सोले, म्हणजे सोललेले हिरवे दाणे, आणायचे आणि आम्ही व्हरांड्यात दोन टोकांना बसून खायचो. भेसळीचा नमुना सापडला की ते माझ्याहून जास्त खूश व्हायचे. मला माझं काम आवडत होतं आणि तो माणूसही आवडत होता. म्हणून तर ती शंका जास्त बोचायची.

दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. चार-पाच दिवस काका डोकं दुखतं म्हणत होते. उन्हाळ्यात वर्ध्यात कोणाचं दुखत नाही? घामाचंही तेच. त्या दुपारी मात्र ते भिंत धरून उभे राहिले आणि त्यांच्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळायला लागली. मी त्यांना दाराच्या उजेडापासून दूर, अर्धवट अंधारात नेलं आणि डोळे पाहिले. अंधारात बाहुली मोठी व्हायला हवी. ती टाचणीच्या टोकाएवढी होती.

मी त्यांचा सदरा, टोपी काढली, व्हरांड्यातल्या ड्रममधून बादल्या ओतून साबणानं त्यांना अंघोळ घातली आणि सायकलरिक्षात टाकून दवाखान्यात नेलं. रिक्षात त्यांची मान माझ्या खांद्यावर होती. बाटलीवरच्या चिठ्ठीची नक्कल मी खिशात ठेवत असे, ती डॉक्टरांना दाखवली. त्यांनी लगेच उतारा म्हणून ॲट्रोपिनची सुई दिली, मग थोड्या वेळानं आणखी एक. रात्र पडायच्या आत लाळ आटली, छाती मोकळी झाली. डॉक्टर म्हणाले, थोडं थोडं बरेच दिवस अंगात जात असणार. मग त्यांनी विचारलं, "हात धुवत नव्हते का हे?"

मी म्हणालो, "यांच्याएवढे हात वर्ध्यात कोणी धूत नसेल."

दुसऱ्या दिवशी मी एकटाच प्रयोगशाळेत बसलो. हे औषध कॉस्टिकमध्ये गरम केलं की फुटतं आणि पाणी पिवळं होतं. आमची तपासणी त्याच रंगावर चालायची. मी ओल्या कापसाचे बोळे केले आणि हातमोजे घालून खोलीतली एकेक जागा पुसली: बाटली, टेबल, कपाटाची कडी, काकांचं स्टूल, रजिस्टर, दार. प्रत्येक बोळा वेगळ्या नळीत, वर कॉस्टिक, आणि नळ्या गरम पाण्यात. बाटलीचा बोळा पिवळा झाला. उन्हानं वितळलेलं औषध झाकणाच्या फटीतून बाहेर झिरपलं होतं, ते मला कळायला हवं होतं. स्टूल कोरं, रजिस्टर कोरं. आणि एक नळी बाटलीच्या खालोखाल पिवळी, झेंडूच्या फुलासारखी. ती नळाच्या चावीची होती.

मी ती नळी उजेडात धरून पुन्हा पाहिली. बाटली हाताळलेल्या मोज्यांनीच मी नळ सोडायचो, मोजे धुवायचो. मग काका त्याच चावीला उघडा हात लावायचे, साबणानं हात स्वच्छ करायचे आणि त्याच स्वच्छ, ओल्या हातानं चावी बंद करायचे. दिवसातून तीस-चाळीस वेळा. मी आळशी, पाच-सहा वेळा धुवायचो, म्हणून वाचलो. जो नियम पाळत होता तोच मरायला टेकला होता.

आणि लाज वाटते सांगायला, पण सांगतो. त्या पिवळ्या नळीकडे बघताना माझ्या मनात आलं, हे माझ्यासाठी हात धूत असतील तर त्यांचं त्यांनी भोगलं. लगेच दुसरा विचार आला, माझ्या पुठ्ठ्यासाठी धूत असतील तर मी त्यांना मारत होतो. दोन्हीतलं खरं काय, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना.

काका महिन्याभरानं परत आले, जरा वाळलेले. दोन महिने औषधाला हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी त्यांना रजिस्टरवर बसवलं. नळाची चावी बदलली, कॉस्टिकनं सगळं धुऊन काढलं, पण मूळ घोटाळा तसाच होता. घाण हातानं उघडायचं आणि स्वच्छ हातानं बंद करायचं. कोपरानं चालणारा नळ द्या म्हणून मी वर अर्ज केला. एक माणूस आला, बेसिनकडे बघून गेला.

काकांना मी त्या नळ्या दाखवल्या, सगळं समजावलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून एक पितळी गडवा, म्हणजे तांब्या, आणला, भरून बेसिनजवळ ठेवला आणि म्हणाले, "नळाले हातच नाई लावाचा साहेब. म्या वरून पानी टाकतो, तुमी खाली हात धरा."

उपाय अगदी बिनचूक होता. पण माझं डोकं सटकलं. वडील गिरणीत लागायच्या आधी लोकांच्या शेतावर मजुरीला जायचे. तहान लागली की ओंजळ करून वाकायचं, आणि मालक वरून पाणी सोडणार, गडवा हाताला लागू न देता. हे वडिलांनी मला एकदाच सांगितलं होतं, तेही दुसरीकडे बघत.

"वरून पानी?" मी म्हणालो. ऑफिसातली माझी मराठी कुठल्या कुठे गेली. "माह्या बापानं धरले तेवढे हात बस झाले काका. म्या नाई धरत."

काका मागे वळले. व्हरांड्यात जाऊन बसले. मला वाटलं, आता हे बदली मागणार. मी उगाच नमुन्यांच्या बाटल्या इकडच्या तिकडे केल्या. बऱ्याच वेळानं ते आत आले आणि बेसिनपाशी उभे राहिले.

"साहेब, तुमी मले टपाल देल्लं होतं. त्याले दवाई नोती."

मी हातातली बाटली खाली ठेवली.

"म्या धुतले. पयल्या साली म्या तुमच्यासाठीच धुतले. खोटं नाई बोलत. पेढा बी म्या घरी नाई नेला. स्टँडावर एकाले देल्ला."

"अन् मंग?"

"मंग तुमी ते काम शिकवून राह्यले होते. दवाईचा खरंच भेव लागला. कोनतं धुनं कवा सुटलं, मले नाई सांगता येत. रिक्षात तुमच्या खांद्यावर मान होती, तवा मले काईच वाटत नोतं. एवढं सांगतो."

दोन वर्षं मला हेच ऐकायचं होतं, आणि ऐकायची भीतीही हीच होती. ऐकलं आणि छातीवरचं ओझं उतरलं. सगळं औषधासाठीच होतं असं ते म्हणाले असते, तर मी त्यांच्यावर आयुष्यात विश्वास ठेवला नसता. मी बेसिनपाशी गेलो आणि हात पुढे केले. त्यांनी पाणी सोडलं.

"साबन मनगटापोत लावा," ते म्हणाले. "तुमी लिवलं हाये अन् तुमीच कंजुषी करता."

मी मनगटापर्यंत लावला. हात झाले तसा त्यांनी गडवा भरून माझ्या हाती दिला आणि आपले दोन्ही हात बेसिनवर धरले.

"आता तुमी टाका."

"काका, तुम्ही आज कशालाच हात लावलेला नाही."

"नाई लावला," काका म्हणाले. "टाका."

मी पाणी सोडलं.