साडूभाऊंचा पासपोर्ट

जगातला प्रत्येक नियम आपल्यालाच डोळ्यांपुढे ठेवून केलेला आहे, अशी पक्की समजूत असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. बडोद्यात भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, ते लाल दिव्यासमोर स्कूटर थांबवून उभे राहत. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून थकला की साडूभाऊ स्कूटर स्टँडला लावून त्याच्यापर्यंत चालत जात आणि समजुतीच्या सुरात सांगत, "भाई, लाल छे." तेवढ्यात दिवा हिरवा होऊन पुन्हा लाल झालेला असे. त्यांच्या सुभानपुऱ्यातल्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये चार माणसांची मर्यादा लिहिलेली होती. एकदा शेजारणीच्या कडेवरचं बाळ धरून आम्ही पाच झालो, तर हे निमूट बाहेर पडून चार जिने चढून आले आणि वर दारात धापा टाकत म्हणाले, "बाळ माणसात धरायचं की नाही हे लिहिलेलं नाही. संशय नको."

अशा माणसाला बडोद्याजवळच्या सावली गावातल्या त्याच्या कारखान्याने चीनला पाठवलं. पंपांचे ओतीव भाग तिकडे बनत, ते तपासून घ्यायला आपला माणूस हवा होता. दोन वर्षांसाठी गेलेले साडूभाऊ पाच वर्षं राहिले. ताई, म्हणजे माझी मेहुणी, तिच्या सासूबाईंना, साडूभाऊंच्या आईंना, सांभाळत सुभानपुऱ्यात राहिली. त्यांना हा एकुलता एक. तिसऱ्या वर्षी माझ्या कंपनीने मलाही आठ महिने त्याच शहरात पाठवलं आणि मी साडूभाऊंकडे उतरलो. शांघायहून रेल्वेने दोन तासांवरचं ते शहर. दोन विमानं बदलून मी अर्धमेला होऊन पोचलो, तर ते मला घरी न नेता थेट पोलीस चौकीत घेऊन गेले. परक्या माणसाने चोवीस तासांत नाव नोंदवायचं असतं. "अजून वीस तास आहेत ना?" मी विचारलं. "म्हणून काय ते वापरलेच पाहिजेत का?" ते म्हणाले. "आधी नोंद, मग आंघोळ."

तिथल्या नियमांनी मात्र त्यांना पुरतं पिळून काढलं होतं. पासपोर्टवर त्यांचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अशी तिन्ही नावं. बँकेने ती सलग एका शब्दात लिहिली, फोन कंपनीने जागा सोडून लिहिली, आणि भाजीपासून बसपर्यंत सगळे पैसे ज्या फोनमधून द्यायचे, त्या फोनच्या मते हे दोन वेगळे गृहस्थ होते. नोटा घ्यायला भाजीवाली तयार नसे. तिच्याकडे सुटे नसतच. साडूभाऊ रोज जेवणाच्या सुट्टीत बँकेत जाऊन 'मी तोच आहे' हे सिद्ध करत. तिथली मुलगी हसून गरम पाणी देई आणि उद्या यायला सांगे. अखेर त्यांनी स्वतःच स्वतःला ओळखतो असं पत्र लिहून दिलं. ते स्वीकारलं गेलं नाही, पण फाइलला लागलं.

खाण्याची तीच कथा. 'मी मांस खात नाही' एवढं चिनी वाक्य त्यांनी घोटून पाठ केलं होतं. ते ऐकून हॉटेलवाला आनंदाने मान हलवी आणि वांग्याच्या भाजीवर डुकराचा खिमा भुरभुरून आणी. तक्रार केली की तो समजावी, हे मांस नव्हे, हे चवीपुरतं. चिनी संपलं की साडूभाऊ गुजरातीत शिरत. हिंदी किंवा इंग्रजी का नाही, विचारलं तर म्हणत, "कळणार तर कुठलीच नाही. मग निदान आपल्याला आपलेपणा वाटेल अशी बोलावी." शेवटी हॉटेलचा नाद सोडून ते विजेच्या कुकरमध्ये खिचडी लावत आणि वर बडोद्याहून आलेला लिलो चिवडो, म्हणजे तिकडचा बटाट्याचा ओलसर चिवडा, मोजून दोन चमचे घालत.

रविवारी दुपारी आईला फोन असे. आपल्याकडचे फोनचे ॲप तिकडे बंद. आडवाटेने जोडून देणारं एक ॲप होतं, ते लहर लागेल तसं चाले. अर्धा तास खटपट करून चेहरा दिसला की आई विचारायच्या, "जेवलास का?" हे "हो" म्हणेपर्यंत चित्र गोठे. मग ते गोठलेल्या आईकडे बघत बसत. मी एकदा हसलो होतो. आता ते आठवलं की स्वतःचीच शिसारी येते.

नव्याने येणाऱ्या प्रत्येक भारतीयाला ते सगळे नियम समजावून सांगत. त्यात एक त्यांचा स्वतःचा होता. दरवर्षी राहण्याचा परवाना वाढवताना पासपोर्ट सरकारी कचेरीत जमा करावा लागे आणि तो तीन आठवडे मिळत नसे. हातात फक्त पावती. "जमा करण्याआधी घरी फोन करायचा," ते बजावत, "आणि सगळ्यांच्या तब्येती विचारायच्या. लोक खरं सांगत नाहीत. जो सांगेल अशा एकाला धरून ठेवायचं."

मी बडोद्याला परतलो आणि तो एक मी झालो.

पुढच्या वर्षी त्यांच्या आईंना धाप लागायला लागली, पायांवर सूज आली. दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, बघू. ताई मला म्हणाली, "त्यांना एवढ्यात कळवू नका. एकटे आहेत तिकडे, जेवायचे नाहीत. पंधरा दिवसांत आई घरी येतीलच." दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा होतो.

"साडूभाऊ, उद्या पासपोर्ट टाकतोय," ते म्हणाले. "तुमच्या ताईला विचारलं, ती म्हणाली सगळं ठीक. पण ती सांगायची नाही. तुम्ही सांगा. आई कशी आहे?"

"ठणठणीत," मी म्हणालो. आणि तेवढ्यावर थांबायचं सोडून पुढे म्हणालो, "परवा तर सेव उसळ मागत होत्या."

ते हसले. समाधानाने हसले. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

नवव्या दिवशी आई गेल्या. साडूभाऊ पावती घेऊन कचेरीत गेले. तिथल्या लोकांनी नाही म्हटलं नाही. अडचणीत पासपोर्ट आधी मिळू शकत होता, फक्त मृत्यूचा कागद हवा होता, चिनी भाषेत, शिक्क्यासह. आमचा कागद गुजराती. मी तो इंग्रजीत करून घेऊन पाठवला, त्यांनी चिनीत करून घेतला. आईच्या नावात एक अक्षर जास्त पडलं, तो परत आला. हे सगळं होईपर्यंत आम्ही थांबू शकत नव्हतो. फोनवर ते एवढंच म्हणाले, "अग्नी तुम्ही द्या. दुसरं कोण आहे?"

स्मशानात मी एका हातात फोन धरला होता. त्यांनी हात जोडले आणि तिथेच चित्र गोठलं. मी त्या गोठलेल्या चेहऱ्यासमोर त्यांच्या आईला अग्नी दिला.

ते सहाव्या दिवशी पोचले. दिवसकार्य सगळं शिस्तीत केलं, गुरुजींच्या दोन चुकाही दाखवल्या. तेराव्याला पाहुणे गेल्यावर त्यांनी मला गॅलरीत बोलावलं.

"सेव उसळीचं खरं होतं का हो?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले. मग म्हणाले, "ते मी तिथे चौघांना कौतुकाने सांगितलं होतं."

नंतर त्यांनी नोकरी सोडली. माझ्याशी बोलणं कधी तोडलं नाही. तोडलं असतं तर मला सोपं गेलं असतं. दिवाळीला येतात, फराळ खातात, सोसायटीच्या पार्किंगबद्दल बोलतात. ताई मात्र अजून म्हणते, आपण त्यांच्या भल्यासाठीच केलं. आपल्याकडे माणसं अशी भल्यासाठी एकमेकांना फसवत राहतात आणि त्याला माया म्हणतात. त्या मायेत मी सगळ्यांत पुढे होतो.

गेल्या महिन्यात माझ्या छातीत दुखलं. तपासण्या झाल्या, ऑपरेशन ठरलं. मुलगी कॅनडात शिकते. बायको म्हणाली, तिची परीक्षा आहे, नंतर सांगू. मीही मान हलवली. त्या संध्याकाळी साडूभाऊ भेटायला आले, ताईकडून त्यांना सगळं कळलं होतं. चहा झाला. मग त्यांनी टेबलावरचा माझा फोन उचलून माझ्या हातात ठेवला.

"तिची परीक्षा आहे," बायको म्हणाली.

साडूभाऊ खुर्ची माझ्याजवळ ओढून बसले. मी नंबर लावला. मुलीने ऐकलं, आधी रडली, मग डॉक्टरचं नाव विचारलं, तारीख विचारली, आणि म्हणाली, "बाबा, मी येऊ का?" आवाज इतका स्पष्ट होता की शेजारच्या खोलीत आहे असं वाटावं.

साडूभाऊ उठले आणि चहाचे कप घेऊन आत गेले. आम्ही बोलत होतो तोवर स्वयंपाकघरातून नळाचा आवाज येत होता. तीन कप विसळायला त्यांना फार वेळ लागला.