सुतारकाकांनी बुजवलेली फट

सुतारकाकांच्या सांध्यात कागदही शिरायचा नाही, अशी त्यांची ख्याती. फट दिसली की त्यांच्या जिवाची नुसती तगमग व्हायची. आणि गंमत बघा, जन्मभर लोकांच्या फटी बुजवणाऱ्या ह्या माणसाच्या स्वतःच्या घरी छपराखाली हातभर फट तशीच पडून होती. वेळ होता कुणाला!

काकू दम्याने तीन आठवडे इस्पितळात होत्या, तेव्हा काकांनी मनावर घेतलं. दिवसभर काकूंच्या उशाशी, संध्याकाळी घरी येऊन शिडीवर. बिजागऱ्या झाल्या, खिडक्या झाल्या, आणि एके दिवशी अंधार पडल्यावर बल्ब लावून ती फटही पट्टी ठोकून बुजवली. अशी बेमालूम, की कुठे होती ते दाखवून द्यावं लागावं.

काकू घरी आल्या, बघून त्यांचे डोळे भरून आले. पण थोड्याच दिवसांत डासांनी उच्छाद मांडला. डॉक्टरांनी धुराला सक्त मनाई केलेली. डासांची अगरबत्ती नाही, फवारा नाही. राहता राहिली मच्छरदाणी. चाळीस वर्षं दोघं दिवेलागणीला मागच्या पायरीवर बसून चहा प्यायची. आता त्या वेळेला काकू जाळीत आणि काका बाहेर स्टुलावर. काकू हळूहळू बोलेनाशाच झाल्या. अन्नावरची वासना उडाली. काका मनातून पार हादरले.

तपासायला येणाऱ्या नर्सबाईंनी एकदा विचारलं, "एवढे डास एकदम आले कुठून हो? पूर्वी नव्हते."

"तेच तर! काय पाप केलं कोण जाणे," काका म्हणाले.

जाळीतून काकू हळूच म्हणाल्या, "वटवाघळं गेली ना."

"कुठली वटवाघळं?"

"छपराखालच्या फटीत राहायची ती. अंगठ्याएवढी, बारकी. तिन्हीसांजेला बाहेर पडायची आणि डास-चिलटं टिपत फिरायची. तुम्ही फट बुजवलीत तेव्हा बाहेर असणार. परत आली तर दार बंद."

"अगं, मग आल्या आल्या सांगायचं नाहीस?"

"एवढ्या हौसेने केलं होतंत. कसं सांगू?"

काका असे ओशाळले म्हणता! चाळीस वर्षं त्या पायरीवर बसून पठ्ठ्याने एकदा मान वर करून पाहिलं नव्हतं. सगळं लक्ष बशीत.

ते तिथल्या तिथे पट्टी उचकटायला निघाले. नर्सबाईंनी अडवलं. छपरातली धूळ आणि लेंड्या काकूंच्या दम्याला नकोत. त्यापेक्षा बाहेर भिंतीवर उंच एक पेटी लावा, खालून उघडी, आत बोटभर जागा. पेटी म्हटल्यावर काकांना हुरूप आला. आतून-बाहेरून रंधा मारला, घासली, वर व्हार्निशचा हात दिला. लग्नात आहेर म्हणून द्यावी अशी पेटी! दीड महिना झाला, चिटपाखरू फिरकलं नाही.

शेवटी काकूच हसल्या, कितीतरी दिवसांनी. "अहो, आरशावर कुणी उलटं लटकेल का? नखं कुठे रोवायची त्यांनी? आणि तो वास!"

काकांनी नव्या फळ्या घेतल्या. करवतीचे वळ तसेच ठेवले, पटाशीने आडव्यातिडव्या खाचा मारल्या. हात सारखा रंध्याकडे जाई, ते तो मागे घेत. असलं काम पाहून गिऱ्हाइकाने हाकलूनच दिलं असतं. लाज वाटत होती, पण बायको त्याहून मोठी होती.

महिन्याभराने एका संध्याकाळी काकू खिडकीतून ओरडल्या, "अहो, आली!" पेटीखालून एक सुटलं, मग दुसरं, मग पाच-सहा. नर्सबाईंनी घरामागे साचलेलं डबकंही बुजवून घेतलं, त्याचाही गुण आलाच. डास संपले नाहीत, पण पुष्कळ कमी झाले. मग पायात मोजे, अंगात लांब बाह्यांचा स्वेटर घालून काकू पायरीवर आल्या. काकांनी कप हातात दिला.

"फार घाबरलो होतो गं," काका म्हणाले. "परत अशी गप्प बसू नकोस. माझं काम चुकलं तर तोंडावर सांग."

"सांगू?"

"सांग की."

"स्वयंपाकघराची खिडकी तुम्ही बसवलीत तेव्हापासून उघडतच नाही."

काका ताडकन उठले, हत्यारं आणायला. काकूंनी सदऱ्याला धरून त्यांना खाली ओढलं.

"उद्या," त्या म्हणाल्या. "आत्ता बसा."