गाडीत काय नाय

गाडीत काय बिघडलंय ते गिऱ्हाइकानं सांगितलेलं बाळूशेठ मिस्त्रींना अजिबात खपत नसे. "बॅटरी गेलीये, बदलून टाका," असं म्हणत कोणी गॅरेजात शिरलं, की ते हातातला पाना खाली ठेवायचे, फडक्याला हात पुसायचे आणि बाकावर जाऊन बसायचे. "तुमाला कललंय ना? मंग तुमीच बदला. मी चा पितो." समोरचा माणूस वरमायचा. "बरं बाबा, गाडी सकाळी सुरू होत नाही," एवढंच म्हणायचा. मग बाळूशेठ उठायचे. "हां, आता कसं बोललात. रोज, का कवा कवा? पावसात, का कोरड्यात पन? आदल्या दिवशी गाडीत कोन कोन बसलं व्हतं?"

जुईनगरला गावठाण संपतं आणि सेक्टरच्या इमारती सुरू होतात, त्या गल्लीत त्यांचं गॅरेज होतं. अंगानं आडवा माणूस. गुडघ्यापर्यंत पँट, बनियन आणि गळ्यात सोन्याची जाड साखळी. शहर वसलं तेव्हा घरची मिठागरं गेली. गावात स्वतःची इमारत झाली, तिच्यात भाडेकरू आले. भावांनी वाळू-विटांचा धंदा धरला. बाळूशेठना गॅरेज चालवायची काही गरज नव्हती. पण गाडीच्या वायरिंगमध्ये डोकं घातलं नाही, तर त्यांना दिवस जायचा नाही. त्यांच्याकडे नव्या गाड्या कधी दिसल्या नाहीत. पोरं कॉलेजला गेली, कर्ज फिटलं, तरी घरात राहून गेलेल्या गाड्या तिथं यायच्या. खाडीच्या खाऱ्या हवेनं त्यांच्या वायरींचे सांधे हिरवे पडलेले असायचे.

अंदाजानं सामान बदलणं म्हणजे त्यांच्या लेखी चोरी. सानपाड्याचे प्रधान म्हणून एक गृहस्थ होते. त्यांची गाडी रोज सकाळी मेलेली असायची. दोन ठिकाणी बॅटरी बदलून झाली होती. बाळूशेठनी गाडी बंद करून बॅटरीच्या वायरीत मीटर जोडला. सगळं बंद असतानाही काटा हलत होता, म्हणजे कोणीतरी गुपचूप करंट पीत होतं. मग ते एकेक फ्यूज उपटत गेले आणि दर वेळी मीटरकडे बघत गेले. एका फ्यूजला काटा धपकन खाली आला. तो डिकीच्या दिव्याचा होता. दिवा आत चालूच राहतो याची खात्री करायला ते स्वतः डिकीत आडवे झाले आणि म्हणाले, "लावा झाकन." प्रधानांनी मोबाइल आत ठेवून व्हिडिओ काढायचं सुचवलं होतं, पण यांना डोळ्यांनी बघायचं होतं. नेमक्या त्याच वेळी प्रधानांच्या आई तिथं आल्या. बंद डिकीतून "पेटलाय! पेटलाय!" अशी आरोळी ऐकून त्या मटकन खालीच बसल्या.

ते चुकायचेही. एकदा एका बाईंच्या गाडीचा खडखडाट ऐकून त्यांनी इंजिन उघडायला लागेल असं जाहीर केलं होतं. शेवटी सीटखालून डब्याचं झाकण निघालं. त्यानंतर आठवडाभर त्या बाईंचा फोन त्यांनी उचलला नाही. चूक पचायची नाही, आणि खोटं तर त्याहून पचायचं नाही. ब्रेकचा पाइप गंजलेली गाडी घेऊन कोल्हापूरला निघालेल्या एका कुटुंबाची किल्ली त्यांनी चक्क खिशात घातली होती. "मला शिव्या द्या. पन ही गाडी घाट उतरनार नाय."

माझे बाबा त्यांचं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक. बाबा इंजिनियर होते, रबाळ्याच्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली. मी शाळेत असताना आमच्या घरी गाडी आली, तेव्हापासून ती बाळूशेठशिवाय कोणाच्या हाताला लागली नाही. दोघं बॉनेटवर वाकून तासन् तास बोलायचे. आई गेली, मी लग्न होऊन ऐरोलीला आले, तेव्हा बाबा नेरूळच्या घरात एकटे उरले. मग तर भाजी, औषधं, बँक, सगळीकडे ती गाडी हाच त्यांचा सोबती झाला. आणि गॅरेज म्हणजे त्यांचा कट्टा.

मग गाडी त्रास द्यायला लागली. आधी ती सुरू व्हायची नाही, नुसतीच टकटक करायची. बाळूशेठना त्यात खरा दोष सापडला. इंजिनाला बॉडीशी जोडणारी अर्थची पट्टी बोल्टाखाली कुजली होती. त्यांनी ती बदलली आणि मला फोन करून फुशारकीनं सांगितलं, "बाय, तुज्या बाबाची गाडी आता दहा वर्षं बोलनार नाय!" पण काही आठवड्यांत बाबा परत गेले. बॅटरी उतरते. मग क्लच नीट सुटत नाही. मग ब्रेक उशिरा लागतात. बाळूशेठनी मीटर लावला, फ्यूज काढून बघितले, चाकं उतरवली. काही निघालं नाही. ज्या माणसानं जन्मभर अंदाजानं सामान बदललं नव्हतं, त्यानं ब्रेकचा सिलिंडर बदलला. बाबा तरीही परत गेले.

शेवटी एके दिवशी ते गाडीत बाबांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "चला साहेब, पामबीच रोडला जाऊन येऊ."

दोन दिवसांनी त्यांनी मला गॅरेजवर बोलावलं. मला वाटलं, गाडी आता भंगारात द्या म्हणून सांगतील. त्यांनी बाकावरची हत्यारं बाजूला केली आणि मला बसवलं.

"गाडीत काय नाय, बाय."

"मग ब्रेक लागत नाहीत म्हणतात ते?"

"सिग्नलला साहेब क्लच दाबतात. ब्रेक समजून. उजवा पाय हवेत शोधत असतो. लागला तर लागला." ते स्वतःच्या पायांकडे बघत बोलत होते. "येताना घराच्या वलनावर मला बोलले, आज जरा लांबून जाऊ. मी बोललो, चला. मंग बेलापूरपर्यंत गेलो आमी. त्यांना वलन आठवत नव्हतं."

मला राग आला. कोणाचा, ते मला आजही सांगता येणार नाही. "तुम्ही मेकॅनिक आहात की डॉक्टर?" मी म्हणाले.

"मेकॅनिकच हाय. म्हनून मेकॅनिकचंच सांगतो. एकेक करून सगलं काढून बघितलं. पट्टी, बॅटरी, क्लच, ब्रेक. आता एकच रायलंय, आनि ते माज्याच्यानं उघडत नाय." त्यांनी फडक्याला हात पुसले. "रात्री सुरू ठेवलेले दिवे विसरतात, म्हनून बॅटरी उतरते. मला आधीच कलायला पायजे व्हतं."

मेंदूच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं, फक्त त्यांचे शब्द मोठे होते. विस्मरणाच्या आजाराची सुरुवात, आणि गाडी आजपासून बंद. बाबांनी डॉक्टरांचं ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर किल्ली उशीखाली ठेवली. मी समजावलं, भांडले, रडले. ते एकच म्हणायचे, "दोष गाडीत आहे. बाळूला सापडत नाहीये."

मग मी बाळूशेठकडे गेले आणि त्यांना खोटं बोलायला सांगितलं. गाडी खालून गंजलीय, आता दुरुस्त होणार नाही, एवढंच त्यांनी बाबांना सांगायचं. बाबा त्यांचं ऐकतील. बाळूशेठनी नकारार्थी मान हलवली. "साहेब इंजिनियर हायेत. वाकून खाली बघतील. आनि नसते बघत, तरी चांगल्या गाडीला मी खराब नाय बोलनार. मीच खोटा पडलो तर साहेबांनी मंग इचारायचं कोनाला?"

त्यांनी स्वतःच बाबांना खरं काय ते सांगितलं. मी तिथं नव्हते. मला कळलं ते एवढंच, की बाबा म्हणाले, "गॅरेजवाला आहेस, गॅरेजवाल्यासारखा राहा," आणि गाडी काढून निघून गेले. इतक्या वर्षांच्या मैत्रीत ते त्यांना कधी तसं बोलले नव्हते. त्यानंतर बाबा दुसऱ्या एका गॅरेजात जायला लागले. तिथं ते सांगतील ते बदलून मिळायचं. बाळूशेठ मला मधूनच फोन करायचे. "साहेब जेवतात ना?" एवढंच विचारायचे. गाडीचं नावही काढायचे नाहीत.

एका शनिवारी सकाळी सोसायटीतून फोन आला. बाबांची गाडी गेटमधून वळायच्या ऐवजी सरळ वॉचमनच्या चौकीवर गेली होती. वॉचमन नुकताच कडी काढायला उठला होता, म्हणून वाचला. त्याची खुर्ची बंपर आणि भिंतीच्या मध्ये चेपली होती. मी पोचले तेव्हा बाबा कठड्यावर बसले होते. लोक जमले होते, सेक्रेटरींचा आवाज चढला होता. बाबा प्रत्येकाला सांगत होते, "ब्रेक फेल झाले. ब्रेक लागलेच नाहीत." आणि मला म्हणाले, "मी बाळूला बोलावलंय. तो सांगेल."

इतके महिने अबोला धरून बसलेले बाबा, आणि त्यांनी फोन केला तो बाळूशेठना.

ते स्कूटरवरून आले. कोणाशी बोलले नाहीत. गाडीखाली शिरले, चाकाजवळ हात घालून चाचपलं, पेडल दाबून बघितलं. मग गाडी मागं घेतली आणि रिकाम्या जागेत पुन्हा पुन्हा चालवून थांबवली. दर वेळी गाडी जागच्या जागी थांबत होती. सगळे बघत होते, बाबाही बघत होते. बाळूशेठ खाली उतरले तेव्हा मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. एकदाच, आज एकदाच हो म्हणा, एवढंच माझ्या मनात होतं. वॉचमन तिथंच उभा होता, चेपलेल्या खुर्चीजवळ. बाळूशेठनी त्याच्याकडे बघितलं आणि मग बाबांकडे वळले.

"ब्रेक बरोबर हायेत, साहेब."

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं."

बाबांनी स्वतःच्या पायांकडे बघितलं. "म्हणजे माझा पाय," ते हळूच म्हणाले. बाळूशेठनी किल्ली पुढं केली. बाबांनी ती घेतली नाही. "असू दे तुझ्याकडेच," म्हणाले आणि मला धरून उठले. वॉचमनपाशी थांबून त्यांनी हात जोडले.

त्यानंतर बाबा फिरायचं पार सोडून देतील असं मला वाटलं होतं. मी त्यांना ऐरोलीला आणलं. पहिल्याच रविवारी दुपारी चारला खाली हॉर्न वाजला. आमचीच गाडी होती, आणि चालवायला बाळूशेठ. पुढचा पत्रा सरळ करून, धुऊन पुसून आणली होती. "साहेब, चला, चक्कर मारू." बाबा गेले. मग दर रविवारी जायला लागले. कधी खाडीकडे, कधी उरणच्या रस्त्याला लागून पार न्हावा शेव्याच्या बंदरापर्यंत. तिथं रस्त्याकडेला थांबून दोघं कंटेनरचे ट्रेलर बघत चहा प्यायचे. सुरुवातीला बाबा गाडीतले आवाज ओळखून सांगायचे, मग नुसतेच बघत बसायला लागले. पुढं पुढं तर ते बाळूशेठना ओळखेनासे झाले. "आपण कोण?" विचारायचे. बाळूशेठ सरळ सांगायचे, "मिस्त्री हाय साहेब. गाडी बघायला आलोय." बाबा समाधानानं मान हलवायचे आणि दार उघडायची वाट बघत उभे राहायचे.

बाबा गेले त्या पावसाळ्यानंतर गावठाणातलं गॅरेजही गेलं. भावांनी ती जागा नव्या इमारतीत घातली. बाळूशेठ फारसे भांडले नाहीत, आणि मला तेच जास्त लागलं. ते मुलीकडे उरणला राहायला गेले. जायच्या आधी मला भेटायला आले तेव्हा पहिल्यांदाच त्यांना पूर्ण पँट आणि इस्त्रीच्या शर्टात बघितलं. चहाचा कप तसाच हातात धरून बसले होते.

"एक इचारू, बाय? त्या दिवशी गेटवर मी सगल्यांसमोर बोललो. बाजूला घेऊन बोलायला पायजे व्हतं. साहेब त्यावर कवा काय बोलले का तुला?"

"नाही. कधीच नाही."

त्यांनी मान खाली घातली. "मंग रायलाच असंल राग."

मी त्यांना सांगितलं, की रविवारी बाबा उठल्यापासून बूट घालून बसायचे. आंघोळीआधी, नाश्त्याआधी बूट. आम्ही काढायला गेलो तर पाय मागं घ्यायचे. वार त्यांना कसा कळायचा कोण जाणे, बाकी काहीच कळत नव्हतं. दाराकडे तोंड करून, खुर्चीत ताठ, चार वाजेपर्यंत.

"सकालपासून?"

"सकाळपासून."

बाळूशेठनी कप खाली ठेवला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "सांगायचं ना, बाय. मी सकालीच आलो असतो."