हजार नग धरून

गुलशन शेख निघोज्याच्या एका कारखान्यात सतरा वर्षं बुश तपासत होती. बुश म्हणजे गाडीच्या सस्पेन्शनमध्ये बसणारी पोलादी कडी. एका हातात कडी, दुसऱ्या हातात मापाची पिन. पिन नीट सरकली तर नग चांगला. अडली किंवा डगडगली तर लाल ट्रेमध्ये. दिवसाला दोन-अडीच हजार नग, तेही उभ्यानं. टेबलापाशी स्टूल एकच होतं आणि ते शालनबाईंचं. शालनबाई बीडकडच्या, पन्नाशी ओलांडलेल्या, गुडघ्यांनी बेजार.

दिवाळीनंतर माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीचं पत्र आलं. तपासणीवरच्या प्रत्येकानं संख्याशास्त्राची साधी परीक्षा पास व्हायला हवी. पंचवीस प्रश्न, त्यातले पंधरा बरोबर हवेत. सरावासाठी चाळीस गणितांचा कागद वाटला गेला. शिकवायला क्वालिटी विभागातला समर्थ, सव्वीस वर्षांचा इंजिनिअर. दर गुरुवारी शिफ्ट सुटल्यावर एक तास.

त्या तासापायी कंपनीची बस निघून जायची. मग दोन रिक्षा बदलत मोशीचं घर गाठायचं. गुलशन घरी येऊन भिंतीला टेकून बसली की मुलगी कशफ आधी चहा द्यायची, मग दशांश चिन्ह कुठं पडतं ते पुन्हा सांगायची. गुलशनची नववी सुटून तीस वर्षं होत आली होती. आकडे ओळखीचे वाटायचे, पण जवळ यायचे नाहीत.

पहिले दोन गुरुवार पिशवीतल्या लाल-काळ्या चेंडूंच्या गणितांत गेले. तिसऱ्या गुरुवारी कामाचं गणित आलं. यंत्र दोन टक्के खराब नग काढतं. पाच नग उचलले, तर पाचही चांगले निघण्याची संभाव्यता किती? समर्थनं फळ्यावर गुणाकार केला. उत्तर नव्वद टक्क्यांच्या जरा वर.

"सर, पाच नग उचलले कुठून?" गुलशननं विचारलं.

"कुठूनही. लॉटमधून."

"यंत्रातलं कापायचं टूल झिजलं की ओळीनं वीस-पंचवीस नग खराब येतात. बदललं की दोन दोन दिवस एकही येत नाही. झिजलेल्या वेळचे उचलले तर पाचही खराबच निघतील की."

समर्थनं खडू खाली ठेवला. "तुमचं खरं आहे, ताई. पण इथं प्रत्येक नग स्वतंत्र धरायचा. तसं धरून चाला."

गुलशनला ते धरता येईना. परीक्षेत तसलेच चार प्रश्न आले. चारही ठिकाणी तिनं आकडा लिहिलाच नाही. टूल कधी बदललं ते सांगा, मग उत्तर देते, असं लिहून आली. निकाल लागला तेव्हा तिला तेरा होते, शालनबाईंना सात.

"खुलाशाला मार्क नाहीत, ताई," समर्थ हळूच म्हणाला. "तपासणाऱ्याकडं नुसती उत्तरांची यादी असते. महिन्यानं पुन्हा बसता येईल. ती शेवटची."

गुलशन परत टेबलाशी गेली. वाद घालायलासुद्धा अंगात बळ लागतं.

त्या महिन्यात ती सरावाचा कागद डब्याच्या पिशवीतच ठेवू लागली. एका गणितात दोन यंत्रं होती. पहिलं साठ टक्के माल काढतं, त्यात एक टक्का खराब. दुसरं चाळीस टक्के काढतं, त्यात तीन टक्के खराब. हातात खराब नग आला, तर तो दुसऱ्या यंत्राचा असण्याची संभाव्यता किती? सूत्र तिच्या डोक्यात राहीना. सकाळच्या बसमध्ये तिनं सूत्र बाजूला ठेवलं आणि हजार नग धरले. पहिल्याचे सहाशे, त्यात खराब सहा. दुसऱ्याचे चारशे, त्यात खराब बारा. एकूण खराब अठरा, त्यातले बारा दुसऱ्याचे. तिनात दोन. पाठीमागं छापलेलं उत्तर तेच होतं.

तिनं शेजारी पेंगणाऱ्या शालनबाईंना हलवलं आणि सगळं सांगितलं.

"आता कळलं मला," शालनबाई म्हणाल्या. "पण तिथं कागद समोर आला की माजं डोकंच बंद पडतंय बग."

दुसऱ्या खेपेला गुलशननं जे धरायला सांगितलं ते सगळं धरलं. अठरा आले. शालनबाईंना अकरा. सोमवारी त्यांना पॅकिंगला पाठवलं. तिथं खोकी उचलायची, बसायला काही नाही. टेबलाशी आता गुलशन एकटी होती. स्टूल मोकळं झालं होतं, तरी दोन दिवस ती त्यावर बसली नाही. तिसऱ्या दिवशी पोटऱ्या भरून आल्या, तेव्हा बसली.

पुढच्या महिन्यात समर्थ आला. "तपासणीला माणसं कमी पडतायत. पॅकिंगच्या सहा बायकांना परीक्षेला बसवायचंय, शालनबाईंनाही आणखी एकदा. मी सांगतो ते त्यांना कळत नाही. तुम्ही शिकवाल? गुरुवारी, शिफ्ट सुटल्यावर."

गुलशननं हातातला नग खाली ठेवला. "शिफ्ट सुटल्यावर माझ्यानं होणार नाही, सर. शिफ्टमध्ये ठेवा, मग येते."

"वरचे परवानगी देणार नाहीत."

"मग राहू द्या."

ती पुन्हा नग तपासू लागली. समर्थ निघून गेला. आठवड्यानं तो परत आला. जेवणाच्या सुट्टीनंतर अर्धा तास मिळाला होता, तोही शिफ्टमधला.

पहिल्या दिवशी पाचच जणी आल्या. शालनबाई नव्हत्या, गुलशननं कुणाला विचारलंही नाही. दुसऱ्या गुरुवारी त्या कंबरेला हात लावत आल्या आणि दाराजवळ टेकल्या.

"मी नुसती बसती," त्या म्हणाल्या. "पाय जरा मोकळे हुतील."

"बसा की," गुलशन म्हणाली. तिनं स्वतःलाही एक खुर्ची ओढून घेतली, फळ्याकडं पाठ केली आणि म्हणाली, "सूत्र राहू द्या. आधी हजार नग धरा."