घुमट ओढून घेतलं तेव्हा

कोरगावात कृष्णनाथ टेलर कोण, हे कुणालाही विचारा. अर्ध्या गावाचे सदरे माझ्या बाबांनी शिवले. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला, डावा हात लुळा पडला आणि त्यांच्याच सदऱ्याची बटणं मला लावून द्यावी लागायला लागली. मी सुदेश, त्यांचा मुलगा. पेडण्याला ऑफिसात नोकरी करतो आणि पटकन चिडतो. हे आधीच सांगितलेलं बरं.

डॉक्टरांनी दाबायला रबराचा चेंडू दिला होता. "मी काय भुरगो? पोराटोरांचो खेळ!" म्हणत बाबांनी तो चौथ्या दिवशी खिडकीतून बाहेर फेकला. मग दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचे. नातीचं, माझ्या प्राजक्ताचं नावसुद्धा त्यांना पटकन आठवत नसे.

शेजारचा धाकू गणेशचवथीच्या आरत्यांना घुमट वाजवतो. एक दिवस त्यानं जुनं घुमट आणून सरळ बाबांच्या मांडीवर ठेवलं. मातीचा घडा, एका तोंडाला कातडं, दुसरं उघडं. उजव्या हातानं कातड्यावर थाप मारायची आणि डाव्यानं मागचं तोंड झाकायचं-उघडायचं, तेव्हा कुठे तो घुमतो. बाबांनी जन्मात वाद्याला हात लावला नव्हता. डावा हात सारखा घसरायचा, धाकू तो उचलून परत ठेवायचा आणि वर शिव्या घालायचा. बाबा हसायचे! झटक्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

मला मात्र त्या धुमधुमीचा वैताग. "पुरे रे आता!" म्हणून मी आतून ओरडायचो.

पाच-सहा महिन्यांत बोटं उघडायला लागली. नातीला नावानं हाक मारू लागले. म्हापशाचे डॉक्टर खूश. म्हणाले, "दोन हात दोन वेगळी कामं करतात, कान ताल मोजतो, डोकं पुढची थाप लक्षात ठेवतं. चेंडू दाबताना मेंदू एवढा राबतो होय? वाजवणं बंद पडू देऊ नका." शेवटचं वाक्य ते माझ्याकडे बघून बोलले.

चवथ आली. प्राजक्ताचं लग्न ठरलं होतं, मयेचे व्याही पहिल्यांदाच आमच्या गणपतीला आलेले. धाकूनं घुमट बाबांच्या हातात दिलं. या एका आरतीसाठी त्यांनी महिनाभर घाम गाळला होता. दोन ओळी ठीक गेल्या. मग ताल चुकला, झांजवाला गोंधळला, बाबांच्या तोंडातून लाळ गळून सदऱ्यावर आली. विहीणबाईंनी मान फिरवली. माझं डोकंच फिरलं! आरती चालू असतानाच मी पुढे झालो आणि "दी ता हंय, लोक बघतत," म्हणत घुमट ओढलं.

ते सुटेना. बाबांनी ते डाव्या हातानं घट्ट धरलं होतं. तरी मी ओढलं.

जाताना विहीणबाई म्हणाल्या, "आमच्या बापायचो हात असोच गेल्लो. तो मरासर हालूंक ना." त्यांच्या वडिलांचा हात मरेपर्यंत हलला नव्हता; मघाशी मान फिरवली ती रडू लपवायला. त्यांचे डोळे लाल होते. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

बाबांनी घुमट सोडलं. महिन्याभरात बोटं परत मिटायला लागली. मी पाय धरले, "बाबा, माझं चुकलं." ते शांतपणे म्हणाले, "तुझा काय चुकला? पावण्यांसमोर बरा दिसत नव्हता." चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी धाकूकडे गेलो, त्याला हात जोडले. त्यानं माझ्या तोंडावर दार लावलं.

एका बुधवारी मी लवकर घरी आलो, तर वाटेवरच घुमट ऐकू आलं. मी धावतच अंगणात शिरलो. आवाज बंद. आत बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले, घुमट खाटेखाली. माझी बायको शीतल हळूच म्हणाली, "धाकूनं परत बसवलंय त्यांना. तुम्ही गेलात की वाजवतात. तुमची चाहूल लागली की ठेवतात."

तेव्हापासून ऑफिस सुटलं तरी मी सात वाजेपर्यंत बसस्टॉपवर बसून राहतो. रविवारी रिकामी पिशवी घेऊन बाहेर पडतो. "खंय चल्लंस रे?" कुणी विचारलंच तर, "बाजारात." या वयात रोज खोटं बोलतो, आणि लाज वाटते.

परवा शीतल सांगत होती, बाबांची ती आरती आता एकदाही चुकत नाही. अख्ख्या वाड्यानं ऐकलीय. मी नाही.