ब्लामोने नदीचं तोंड कुठे फोडलं

आमच्या नदीला तोंड नसतं, दर पावसाळ्यात ते फोडून द्यावं लागतं. समुद्र वाळूचा बांध घालतो, आत पाणी तुंबतं, आणि पहिलं फावडं मारायचा मान ब्लामोचा. बाप गेला तेव्हापासून. एवढा मान सोडला तर गड्याकडे सांगण्यासारखं होतं काय? एक छोटी होडी, आणि बायको न्योनो. तिचा आवाज मात्र दोघांना पुरून उरे.

त्या वर्षी कमिशनरसाहेब लाकडी खांब घेऊन आले. दोन तालुक्यांची हद्द म्हणजे नदी. आज ती समुद्राला मिळेल तिथे खांब ठोकायचा, असा जिल्ह्याचा हुकूम. गावाजवळची वाळू पातळ, घटकाभरात फुटली असती. पण मग आमच्या होड्या लागतात तो किनारा पलीकडच्या तालुक्यात गेला असता. जाळं टाकायचं म्हटलं तरी तिथल्या गावप्रमुखाच्या, वोर्जलोच्या, दारात उभं राहायचं! त्या दारात कुत्रंही खुशीने थांबत नाही.

ब्लामो होड्यांच्याही पुढे, पूर्वापार तोंड फोडतात त्या जुन्या जागी गेला. तिथे वाळू छातीइतकी उंच. त्याने फावडं मारलं, मग आम्ही सगळ्यांनी.

तिकडे गावात तुंबलेलं पाणी घरांत शिरायला लागलं. सगळ्यांत सखल घर ब्लामोचंच, तेही मातीचं.

"ब्लामोबाबा, घर विरघळतंय की तुमचं!" वोर्जलो छत्रीखालून म्हणाला. "गावाजवळच फोडा ना."

"छत्री ठेवा आणि जिभेने खणायला लागा," मी म्हणालो. "लवकर होईल."

कोणी हसलं नाही. दुपार कलली तरी वाळू कमरेइतकी होतीच.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "माझा परतीचा रस्ता बुडतोय. अर्ध्या तासात फुटलं नाही, तर गावाजवळच्या पातळ वाळूतच खांब ठोकणार."

वोर्जलोने जिंकल्यासारखी छत्री मिटली. आमचे हात गळाले. ब्लामो मात्र खणत राहिला.

इतक्यात डोक्यावर भाताचं पातेलं घेऊन न्योनो थेट बांधावर चढली. तोंड फुटेपर्यंत बाईने बांधावर पाय ठेवायचा नाही, ही आमची रीत. म्हाताऱ्यांनी आ वासला.

"चूल बुडाली," ती नवऱ्याला म्हणाली. "मागची भिंतही बसली. तुझी हद्द कुठवर आली?"

"कमरेपर्यंत."

"म्हणजे अजून बोलत बसायला वेळ आहे!" तिने भात माझ्या टोपीत ओतला आणि पातेल्याने वाळू उपसू लागली. "ज्याला रीत शिकवायची असेल त्याने आधी फावडं खाली ठेवावं."

कोणी ठेवलं नाही. उलट हात दुप्पट चालले. आधी बोटाएवढी धार आली, मग मांडीएवढी, आणि मग ब्लामोने न्योनोला दंडाला धरून मागे ओढलं तोच बांध त्यांच्या पायाखालून गेला. साहेबांनी धावत जाऊन पाण्याच्या काठी खांब ठोकला. किनारा आमच्याकडे राहिला.

घर नाही राहिलं.

"आता राहायचं कुठे?" ब्लामोने विचारलं.

"इथे. होड्यांपाशी. हा किनारा आपलाच ना?"

तिथेच त्यांची झोपडी आहे. पहिलं फावडं आजही ब्लामोचं. पण मारण्याआधी तो मागे वळून पाहतो. न्योनो पातेलं घेऊन बांधावर चढली की मगच मारतो, आणि म्हातारे समुद्राकडे बघत बसतात.